डिकोडर गेला म्हणण्याआधी : वाचकांचे प्रश्न

गेल्या दिवाळीपासून चिठ्ठ्यांत, मेसेजांत आणि दुरुस्तीच्या काउंटरवर मॉडेल रेल्वेवाल्यांकडून एकच वाक्य ऐकतो आहे : "डिकोडर उडाला, नवा कोणता घेऊ?" उडाला कशावरून, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "इंजिन चालत नाही ना!" इंजिन न चालायला ढीगभर कारणं असतात आणि डिकोडर जळणं त्यात बरंच खाली येतं. विकणाऱ्याला विचाराल तर ते पहिल्या नंबरावर येणारच, कारण त्याच्याकडे विकायला तेच आहे. त्याच त्या गोंधळाचे प्रश्न म्हणून इथे एकत्र घेतले आहेत.

नव्याने या छंदात पडलेल्यांसाठी चार ओळी. डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीत रुळावर पूर्ण व्होल्टेज कायम असतं, एचओ (खऱ्याच्या ८७ व्या हिश्श्याच्या) गाड्यांसाठी साधारण १४-१५ आणि त्याहून लहान एन गाड्यांसाठी १२ च्या आसपास. त्याच करंटमधून हुकूमही जातात. प्रत्येक हुकूम ठरावीक इंजिनाच्या नंबरवर असतो आणि इंजिनातला डिकोडर आपल्या नंबरचा तेवढा उचलून मोटर-दिवे चालवतो. मूळ पद्धत जर्मनीच्या लेंझ कंपनीची, तिचं मानक अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात केलं. नव्या डिकोडरचा नंबर ३ असतो. सेटिंगच्या कप्प्यांना सीव्ही म्हणतात, आणि ते वाचायला-लिहायला वेगळा ठेवलेला रुळाचा तुकडा म्हणजे प्रोग्रॅमिंग ट्रॅक. हुकूम बनवणारं यंत्र ते कमांड स्टेशन, रुळाला ताकद देणारा तो बूस्टर, आणि हातातलं वेगाचं बटण म्हणजे थ्रॉटल.

"भाऊ, इंजिनाचे लाइट लागते, शिट्टी वाजते, पण जागचं हालत नाही. आधी दोन इंजिनं जोडून चालवत होतो. पोरानं एक काढून ठेवलं तवापासून असं झालं. सारे म्हणते डिकोडर गेला. खरं हाय का?" (दर्यापूर)

नाही. सीव्ही १९ मध्ये ० लिहा.

दोन इंजिनांचा जोड लावला की दोन्ही डिकोडरांच्या सीव्ही १९ मध्ये जोडाचा नंबर बसतो. इंजिन हाताने उचलून बाजूला ठेवल्याने तो पुसला जात नाही. मग ते स्वतःच्या नंबरवर आलेला वेगाचा हुकूम ऐकत नाही, दिव्या-शिट्टीचे मात्र ऐकतं. काही कमांड स्टेशनं हा जोड स्वतःच्या मेमरीत ठेवतात, तुमचं तसं असेल तर तिथूनही तोडा. तरी हललं नाही तर सीव्ही ३ वाचा, वेग किती सावकाश वाढायचा ते त्यात असतं. त्यात १०० असेल तर पूर्ण वेग धरायला साधारण दीड मिनिट लागतं, आणि दहा सेकंदांत "मेला" म्हणून आपण थ्रॉटल बंद करून मोकळे होतो. दोन्ही ठीक निघालं तरच मोटरकडे वळा, आणि तेव्हा इंजिन मल्टिमीटर असलेल्या माणसाकडे न्या.

"८ पिनांचा डिकोडर लावला. इंजिन चालतं पण उलट्या दिशेने, आणि दिवे लागत नाहीत." (मोर्शी)

प्लग उलटा बसलाय, वीज बंद करून फिरवून लावा.

"थ्रॉटल एकेक पायरी वाढवला की पुढचा दिवा लागतो-विझतो. दिव्याचं सोल्डर पुन्हा करू का?" (आर्वी)

सोल्डरला हात लावू नका. कंट्रोलर वेगाच्या २८ पायऱ्यांवर आहे आणि डिकोडर १४ वर. सीव्ही २९ मध्ये २ चा आकडा मिळवलेला नाही, तो मिळवा. सध्या त्यात ४ असेल तर ६ होईल.

"प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर इंजिन ठेवलं की सीव्ही वाचलाच जात नाही, एरर येते. म्हणजे डिकोडर जळालाच ना?" (तुमसर)

म्हणजे डिकोडरने उत्तर दिलं नाही, किंवा दिलं ते कमांड स्टेशनपर्यंत पोचलं नाही. जळाला की नाही हा पुढचा प्रश्न.

प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर डिकोडर बोलत नाही, मान हलवतो. सुमारे ६ मिलिसेकंद निदान ६० मिलिअँपिअर जास्तीचा करंट ओढतो, तेवढंच त्याचं "हो". बहुतेक डिकोडर हे मोटरला क्षणभर झटका देऊन करतात. म्हणून मोटर जोडलेली नसेल, मोटरच्या ब्रशला (फिरत्या भागाला करंट पोचवणाऱ्या तुकड्याला) कचरा असेल किंवा चाकांवर काळा थर असेल तर हा झटका कमी पडतो आणि पडद्यावर एरर येते. आवाजवाल्या डिकोडरांची वेगळीच अडचण : त्यांचे कपॅसिटर सुरू होतानाच जास्त करंट मागतात, आणि काही जुन्या कमांड स्टेशनांना ते झेपत नाही.

तेव्हा आधी चाकं पुसा. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मिळतं, ते कापडावर घ्या. गंज सोडवायचा स्प्रे मारा म्हणून कोणी सांगितलं असेल तर त्याला तो स्वतःच्या इंजिनावर मारू द्या. त्याचा तेलकट थर धूळ धरतो आणि काही प्लास्टिकलाही तो मानवत नाही. मग मुख्य रुळावर ठेवून नंबर ३ आणि तुमचा जुना नंबर, दोन्हींवर चालवून बघा. इंजिन चाललं तर डिकोडर जिवंत आहे. तो वाचायला दुसऱ्या कोणाचं कमांड स्टेशन मिळतं का पाहा, आणि डिकोडरची माहितीपुस्तिका एकदा तरी उघडा.

"काकांनी १९८० च्या दशकात परदेशातून आणलेलं एचओ इंजिन आहे. साध्या डीसीवर अजून मस्त पळतं. त्यात तीन डिकोडर टाकले, तिन्ही बसवल्या-बसवल्या गेले. दर वेळी वेगळ्या कंपनीचा घेतला. आता चौथा कोणता चांगला?" (कारंजा लाड)

चौथा घेऊ नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

तीन कंपन्यांचे डिकोडर एकाच इंजिनात गेले, आणि तुम्ही दर वेळी कंपनी बदललीत. इंजिन कोणी तपासलं? "आजकाल मालच असा येतो" हे वाक्य मला या बाबतीत ऐकवत नाही. पहिल्या डिकोडरला कशाने मारलं हे कळल्याशिवाय दुसरा बसवायचाच नाही. मी काउंटरवर हेच सांगतो तर लोकांना वाटतं, हा माल विकायला टाळतोय.

ते इंजिन बनलं तेव्हा सगळं साध्या डीसीवर चालायचं. मोटरच्या दोन ब्रशांपैकी एक सरळ चॅसिसला, म्हणजे इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला, टेकवायचा, चॅसिसला एका बाजूच्या चाकांतून करंट, आणि दुसऱ्या ब्रशाला दुसऱ्या बाजूच्या चाकांतून. वायर वाचायची आणि इंजिन पळायचं. म्हणूनच तुमचं डीसीवर "मस्त पळतं". डीसीसीत मात्र रुळाचा करंट आधी डिकोडरकडे यायला हवा आणि मोटरला फक्त डिकोडरकडून मिळायला हवा. लाल वायर उजव्या रुळाची, काळी डाव्या रुळाची, नारिंगी आणि करडी मोटरची. नारिंगी किंवा करडीची चॅसिसमधून कुठेही रुळाशी गाठ पडली की बूस्टरचा अख्खा करंट मागच्या दाराने मोटर चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरांत शिरतो. बूस्टरचं संरक्षण जागं होईपर्यंत त्यांचा निकाल लागलेला असतो.

तपासायला साधा मीटर पुरतो. डिकोडर काढा, मोटरच्या वायरी सुट्या करा, मीटर बीपवर ठेवा. एक काडी ब्रशच्या पितळी पत्रीवर, दुसरी एका बाजूच्या चाकावर, मग दुसऱ्या बाजूच्या चाकावर, मग रंग खरवडून चॅसिसच्या उघड्या धातूवर. दुसऱ्या ब्रशाचंही असंच. एकदाही बीप यायला नको. आला नाही म्हणून लगेच उठू नका. चाकं बोटाने पूर्ण फिरवा, मोटर थोडी डावी-उजवी दाबा, बॉडी बसवून स्क्रू आवळा आणि पुन्हा मोजा. माझ्याकडे आलेल्या एका इंजिनात सगळं ठीक होतं, फक्त बॉडीचा मागचा स्क्रू शेवटचा अर्धा फेरा फिरला की बीप यायचा. काढून बघितलं तर स्क्रूच्या टोकाखाली करड्या वायरचं इन्सुलेशन चिरडून तांबं दिसत होतं. मालक मात्र तोवर दोन डिकोडर "खराब निघाले" म्हणून सगळीकडे सांगून मोकळा झाला होता.

इथे बीप नाही आला तरच दुसरं माप घ्या, करंटचं. विहिरीवरची मोटर जाम झाली की कितीतरी पट करंट ओढून स्टार्टर पाडते, तसंच या चिमुकल्या मोटरचंही. डिकोडर त्या जाम करंटला पुरायला हवा, नुसत्या चालत्या करंटला नाही. इंजिनाला १२ व्होल्ट डीसी द्या, मध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावा, चाकं बोटाने अडवा आणि आकडा वाचा. दोन सेकंदांच्या वर अडवून ठेवू नका. जुन्या मोटरी २ अँपिअरच्या पलीकडे सहज जातात. एचओचा नेहमीचा डिकोडर सलग १ ते दीड अँपिअरचा असतो. आणि इथे विकणाऱ्यांची चलाखी बघा : पाकिटावर मोठ्या अक्षरांत "२ अँपिअर" असतं, ते क्षणभराचं. सलग किती, ते मागच्या बाजूला बारीक अक्षरांत. भिंग घेऊन वाचा, न लिहिलेला असेल तर घेऊ नका. करंट फारच जास्त निघाला तर मोटरचे ब्रश-कम्युटेटर साफ करून पुन्हा मोजा, तरी उतरला नाही तर मोटर बदलण्याचा विचार करा.

बसवल्यावर इंजिन थेट मुख्य रुळावर ठेवायचं नाही. आधी प्रोग्रॅमिंग ट्रॅक. तिथे करंट मुद्दाम तोकडा ठेवलेला असतो, म्हणून वायरिंग चुकलं तरी डिकोडर बहुधा वाचतो. सीव्ही ८ वाचला गेला तर पुढे जा, नाही गेला तर थांबा. वेगळा प्रोग्रॅमिंग ट्रॅक नसेल तर रुळाच्या एका वायरमध्ये मोटरसायकलचा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब ओळीत जोडा. तो भक्क पेटला तर शॉर्ट आहे, लगेच वीज बंद करा.

ब्रश चॅसिसपासून सुटा करायचा म्हणजे नायलॉनचा स्क्रू, फायबरचा वॉशर, कधी चॅसिस घासणं आलं. काकांची आठवण असलेल्या इंजिनावर हा पहिला प्रयोग करू नका. आधी हे केलेल्या माणसाला शेजारी बसवा किंवा त्याच्याकडेच द्या.

"मुलांना शकुंतला दाखवायची म्हणून शाळेत नॅरो गेजचं लहान मॉडेल करतोय. एचओ स्केलला रूळ कोणता आणि डिकोडर कोणता?" (दारव्हा, शिक्षक)

गुरुजी, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. शकुंतलेचा, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या त्या लहान गाडीचा, गेज (दोन रुळांमधलं अंतर) ७६२ मिलिमीटर. ८७ ने भागला की पावणेनऊ येतात, म्हणजे ९ मिलिमीटरचा रूळ चालतो, आणि तोच एन गेजचा रूळ आहे. म्हणून खाली एन गेजचं तयार चॅसिस घ्या आणि वर एचओ मापाची बॉडी बांधा. १९९४ पर्यंतचं दाखवायचं असेल तर मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं झेडडी वर्गाचं वाफेचं इंजिन, त्यानंतरचं असेल तर डिझेल. पहिल्या मॉडेलला डिझेल सोपं, चौकोनी खोक्यात डिकोडरला जागा मिळते.

डिकोडर एन गेजचाच घ्या, ६ पिनांचा किंवा नेक्स्ट-१८, चॅसिसवर जो सॉकेट असेल तो. पण आधी कारंज्याच्या वाचकाला दिलेलं उत्तर वाचा. एन गेजच्या पुष्कळ जुन्या चॅसिसचे दोन धातूचे अर्धे भाग असतात, डावा भाग डाव्या रुळाचा, उजवा उजव्या रुळाचा, आणि मोटरच्या पत्र्या सरळ त्यांना टेकलेल्या. तिथे हीच काळजी दुप्पट घ्यावी लागते. "डिकोडरसाठी तयार" असं लिहिलेलं चॅसिस मिळालं तर दोन पैसे जास्त गेले तरी तेच घ्या. आणि शाळेत वापरणार तर वीजपुरवठ्याचं काम वायरमनकडून करून घ्या.

"पुतण्याने अमेरिकेतून अख्खा स्टार्टर सेट पाठवलाय. पिन बदलायचा अडॅप्टर बाजारात मिळाला. लावू का?" (वरोरा)

थांबा! सेटच्या अडॅप्टरवरची "इनपुट" ची ओळ वाचा. १००-२४० लिहिलं असेल तर लावा. नुसतं १२० लिहिलं असेल तर लावू नका. पिन बदलून व्होल्टेज बदलत नाही. आपल्या २३० वर तो ट्रान्सफॉर्मर जवळपास दुप्पट व्होल्टेज बाहेर टाकेल, कमांड स्टेशन आधी जाईल आणि मग स्वतः ट्रान्सफॉर्मर. आउटपुटचा आकडा, एसी की डीसी आणि किती अँपिअर, हे लिहून घ्या आणि त्याच मापाचा आपल्याकडचा अडॅप्टर कंपनीला विचारून घ्या. ट्रान्सफॉर्मरवाला सेट असेल तर आणखी एक : रात्री शिवारातले पंप बंद झाले की लाइनीचं व्होल्टेज चढतं, आणि रुळावरचंही त्यासोबत चढू शकतं. मानकाप्रमाणे एन डिकोडरने निदान २४ आणि मोठ्यांनी २७ व्होल्ट सोसायला हवेत, पण स्वस्तातल्या मालावर त्याचा भरवसा धरू नका.

"टिनाच्या खोलीत लेआउट आहे. मे महिन्यात वीसेक मिनिटं चाललं की इंजिन थांबतं, थोड्या वेळाने आपोआप सुरू. संध्याकाळी काही त्रास नाही." (मूल)

डिकोडर तापून स्वतःला वाचवतो आहे, त्याचे आभार माना. बाहेर ४५ च्या वर पारा, वर टिन, आणि बंद बॉडीत डिकोडर. बहुतेकांनी तो आणखी चिकटपट्टीत गुंडाळलेला असतो. ती काळी पट्टी काढा. उष्णतेने तिचा डिंक पाघळून मोटरपर्यंत जातो. मोबाइलवाल्यांकडची पिवळी हीट टेप फक्त जिथे धातूला टेकेल तिथे लावा, बाकी उघडं राहू द्या. मोटर जड फिरते का, तेही तपासून घ्या. कूलरचा झोत लेआउटवर सोडू नका, त्या ओलीने रूळ काळे पडतात. मे महिन्यात दुपारी गाड्या चालवू नका, एवढं तर करता येईल.

"इंजिन शांत उभं असताना मध्येच सुसाट पळत सुटतं. थ्रॉटल शून्यावर. भानामती झाल्यासारखं वाटतं." (वडसा)

कुठेतरी संपर्क तुटतो किंवा क्षणभर शॉर्ट होतो, आणि वीज परत येताना डिकोडरला वाटतं आपण साध्या डीसी रुळावर आहोत. सीव्ही २९ मधून ४ वजा करा : ६ असेल तर २, ३८ असेल तर ३४. यानंतर पळणार नाही. मूळ वाईट संपर्क मात्र तसाच राहील. चाकं, रुळांचे जोड आणि सांधे बघा.

"गाडी घसरली तेव्हा बोगीचं प्लास्टिक वितळलं. बूस्टर बंदच झाला नाही. बूस्टर बदलू?" (अचलपूर)

बूस्टर ठीक असेल, तुमच्या वायरी बारीक आहेत. टेलिफोनची वायर टाकली असणार. लांबवर शॉर्ट झाला की त्या वायरीतच व्होल्टेज मरतं, बूस्टरला शॉर्ट जाणवत नाही, आणि तीन-चार अँपिअर चाकांतून वाहत राहतात. पाच रुपयांचं नाणं घ्या आणि लेआउटवर हातभर अंतराने दोन्ही रुळांवर आडवं ठेवत जा. जिथे बूस्टर ताबडतोब बंद होत नाही, तिथली जोडणी कच्ची. खालून मुख्य वायर घरात वापरतात तसली दीड स्क्वेअर मिलिमीटरची टाका आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यातून फाटा द्या. तोवर लेआउट चालू ठेवून खोलीबाहेर जाऊ नका.

"मेळ्यात 'जर्मन' डिकोडर स्वस्तात मिळाले, बिनपाकिटाचे. सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की काहीही बिघडलं तरी दुरुस्त होतं म्हणाले." (हिंगणघाट)

सीव्ही ८ आधी वाचा, लिहिणं नंतर. तो कप्पा बनवणाऱ्याचा नंबर सांगतो : लेंझ ९९, झिमो १४५, ईएसयू १५१. १३ आला तर घरगुती जोडणीचा माल. आकडा जुळला म्हणजे अस्सल असं मात्र नाही, नकली बनवणारालाही तो आकडा माहीत असतो.

८ लिहिल्यावर अनेक डिकोडर मूळ सेटिंगवर येतात हे खरं. पण ती सगळ्यांची रीत नाही, काहींना सीव्ही ३० मध्ये २ लिहावं लागतं. आणि जळालेला ट्रान्झिस्टर कुठल्याही आकड्याने परत येत नाही. रिसेट झाला की नंबर पुन्हा ३ होतो, हे विसरून "आता तर पुरताच गेला" म्हणणारेही येतात. तुमचे डिकोडर मुख्य इंजिनात घालू नका, एखाद्या जुन्या इंजिनात चालवून बघा.

"आवाज तेवढा गेला, बाकी सगळं चालू." (पुसद)

आधी थ्रॉटलवरचं एफ८ बटण दाबा, काही डिकोडरांत एफ१. मग स्पीकरची वायर. स्पीकर बदलायचा झाला तर किती ओहमचा, ते पुस्तिकेतून घ्या, हाताला लागला तो जोडू नका.

"सोयाबीन निघेपर्यंत वेळ नव्हता म्हणून बंद पडलेलं इंजिन तसंच ठेवलं. मग हरभरा आला. आता बघतो तर बहुतेक वॉरंटी संपत आलीय." (दिग्रस)

"बहुतेक" कशाला? आजच बिल काढून तारीख बघा. डिकोडरवर स्वतः सोल्डर करू नका, त्यावरची प्लास्टिकची नळी फाडू नका, नाहीतर उरलेली वॉरंटीही जाईल. विकणाऱ्याला फोनवर न बोलता लेखी कळवा : इंजिन कोणतं, डिकोडर कोणता, सीव्ही ७ आणि ८ मधले आकडे, नेमकं काय होतं, कधीपासून. तो "पुढच्या महिन्यात बघू" म्हणाला तर त्याच दिवशी बनवणाऱ्या कंपनीला सरळ ईमेल करा, बिलाच्या फोटोसकट. पाठवायचं कळवलं तर इंजिन ठेवून घ्या आणि फक्त डिकोडर पाठवा, इंजिनासकट मागितला तर त्याचे चारही बाजूंनी फोटो काढून मगच पाठवा.